उसनी वीस मिनिटं

एमबीबीएसच्या मुलांना शेवटच्या वर्षाआधी एक महिना आपल्या आवडीच्या विभागात काम करायचं असतं. त्याला सगळे इलेक्टिव्ह म्हणतात, आणि आवडीचा विभाग म्हणजे बहुतेकांच्या मते दुपारी दोननंतर जिथे कुणी हजेरी घेत नाही तो. त्यामुळे त्वचारोगाला दरवर्षी झुंबड उडायची. न्यूरोलॉजीकडे यायचे ते अति हुशार तरी असायचे, नाहीतर फॉर्म भरायला उशीर झालेले. ईश्वरी रेंदाळे यांतली कुणीच नव्हती. यादी उघडल्याबरोबर तिनं न्यूरोलॉजी भरून टाकलं होतं.

कारण घरी होतं. आठ महिन्यांपूर्वी तिच्या वडिलांना, म्हणजे इचलकरंजीच्या दिगंबर जॉबरना, लकव्याचा झटका येऊन गेला होता. तीस वर्षं त्यांनी यंत्रमाग दुरुस्त केले; अशा कारागिराला तिकडे जॉबर म्हणतात, आणि आडनावाऐवजी तेच नाव पडतं. झटक्यानंतर डावा हात थोडा ढिला पडला होता, तोही महिनाभरात कामाला लागला. बोलणं स्पष्ट, स्मरणशक्ती शाबूत, चालणं ठीक. कागदावर 'पूर्ण सुधारणा' असा शेरा मारून त्यांना याच रुग्णालयातून घरी सोडलं होतं. पण जो माणूस घरी परतला तो पप्पांसारखा दिसायचा तेवढाच. हे डॉक्टरांच्या भाषेत सांगायचं कसं, ते ईश्वरीला ठाऊक नव्हतं. ते शिकायला ती आली होती.

विभागाच्या तळमजल्यावर एक यंत्र होतं. बिलांवर त्याचं नाव दीड ओळीचं असायचं, मुलं त्याला 'उसनी टोपी' म्हणायची. दोन हजार त्रेचाळीसमध्ये अशा टोप्या राज्यात मोजक्याच ठिकाणी होत्या. तिचं काम समजायला सोपं आहे. भिंगातून ऊन एका बिंदूवर आणता येतं, तशा कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी कवटीतून मेंदूतल्या हव्या त्या ठिपक्यावर आणता येतात. त्यांची तीव्रता अगदी कमी ठेवली, तर तिथल्या पेशींना इजा होत नाही, त्या फक्त थोडा वेळ गप्प बसतात. आता एखाद्या रुग्णाच्या मेंदूत नेमकी कुठली जागा निकामी झाली आहे याचा नकाशा घ्यायचा, तो विद्यार्थ्याच्या मेंदूवर जुळवायचा आणि तीच जागा गप्प करायची. वीस मिनिटं विद्यार्थ्याला रुग्णाचा आजार होतो. मग पेशी जाग्या होतात आणि सगळं जागच्या जागी येतं.

विभागप्रमुख डॉ. मुजावर मॅडमचा नियम होता. पन्नाशीच्या, चणीनं लहान बाई, पण त्यांच्यासमोर भलेभले रेसिडेंट चाचपडायचे. त्या म्हणायच्या, "पेशंटला 'मला समजतंय तुम्हाला काय होतंय' असं म्हणायचं असेल, तर आधी खाली जाऊन त्याची वीस मिनिटं उसनी घ्या. नाहीतर नुसतं 'सांगा' म्हणा आणि ऐका."

पहिल्या आठवड्यात ईश्वरीनं लहान मेंदूचा आजार उसना घेतला आणि पाण्याचा पेला तोंडाऐवजी कानाशी नेऊन एप्रन भिजवला. दुसऱ्या आठवड्यात तिला जगाची डावी बाजूच दिसेनाशी झाली. समोरच्या ताटातली उजवीकडची भाजी तिनं संपवली आणि पोळी दिली नाही म्हणून तंत्रज्ञ पाटोळेकाकांशी भांडली. पोळी डावीकडे होती. सगळे पोट धरून हसले. वीस मिनिटांनी तीही हसली, आणि त्या दिवसापासून वॉर्डातल्या सहा नंबरच्या आजोबांच्या ताटाची दिशा ती रोज स्वतः फिरवून द्यायला लागली.

तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी दुपारी, आईचा फोन आला.

"तुझा बाप निघालाय रविवारी," सुवर्णा म्हणाली. "गडहिंग्लजला. थोरल्या बहिणीकडं. कायमचा."

ईश्वरीनं विचारलं, "कायमचा म्हणजे?"

"म्हंजे बॅग भरलीया. मी म्हटलं जावा, तुमी न्हाईसा तर हितं काय माग बंद पडायचं न्हाईत."

"असं म्हणालीस तू?"

"मग काय पाया पडू?" असं म्हणून आईनं फोन ठेवला.

सुवर्णाचं बोलणं असंच होतं, आणि त्या गल्लीत ते सगळ्यांना माहीत होतं. मागांच्या खडखडाटात जन्म गेला की माणसं आधी मोठ्यानं बोलायला शिकतात, मग हळू. सुवर्णा हळू बोलायला शिकलीच नव्हती. नवरा दमून आला की ती म्हणायची, "आला का मुडदा घरी?" आणि तोवर गरम भाकरी ताटात पडलेली असायची. ताप आला की शिव्यांची लाखोली वाहत रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवायची. 'तुम्ही मला आवडता' असं वाक्य त्या घरात कुणी कधी उच्चारलं नव्हतं. त्याची गरजही पडली नव्हती, कारण शिवी कुठल्या सुरात आली त्यावर दिगंबर जॉबर ओळखायचे की आज बायको खुशीत आहे, की चिडली आहे, की काळजीत आहे. मागाचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा माणूस तो, बायकोच्या आवाजाला कसा फसेल?

पण झटक्यानंतर ते गप्प झाले होते. बोलले तरी बातम्या वाचल्यासारखं बोलायचे. लेक वर्षाची परीक्षा पास झाली तेव्हा "चांगलं झालं" म्हणाले, आणि आई स्वयंपाकघरात जाऊन रडली. "माणसाचं मन उडालंय," ती ईश्वरीला म्हणाली होती, "आतनं सगळं थंड पडलंय." ईश्वरीनं आईची समजूत घातली खरी, पण तिलाही तसंच वाटलं होतं. त्या रात्री वसतिगृहात तिनं उशीत तोंड खुपसून मनातल्या मनात बापाला बोल लावले होते, आणि त्याची लाज तिला अजून सोडत नव्हती.

शुक्रवारी सकाळी पाटोळेकाकांनी पडद्यावर नवा नकाशा लावला. क्रमांक अठ्ठावन्न. नाव नाही, गाव नाही. शिकवण्यासाठी आपले नकाशे वापरायला परवानगी देणाऱ्या रुग्णांची एक पेढी होती, त्यातला हा एक. मेंदूच्या उजव्या बाजूला, कानाच्या वर, काजूगराएवढा पांढरा डाग होता आणि त्याच्या खालच्या टोकाला एक खाच होती.

ती खाच ईश्वरीनं आठ महिन्यांत शंभरदा तरी पाहिली होती. घरी खिडकीच्या काचेवर फिल्म धरून, एकटीनं.

नियम भिंतीवर लिहिलेला होता. नात्यातल्या माणसाचा नकाशा घ्यायचा नाही, ओळखला तर त्या क्षणी सांगायचं. कारणही उघड होतं. परक्याचा आजार उसना घेतलेला माणूस वीस मिनिटांनी आजार परत करून कँटीनला जातो. आपल्या माणसाचा तसा परत करता येत नाही. सांगितलं असतं तर अठ्ठावन्न नंबर दुसऱ्या कुणाला तरी मिळाला असता.

ईश्वरी गप्प राहिली. खुर्चीवर बसली. पाटोळेकाकांनी टोपी बसवली, पट्टे आवळले आणि म्हणाले, "चालू."

काहीच झालं नाही. पेला हलला नाही, भिंत नाहीशी झाली नाही. तिनं हात वर केले, बोटं मोजली. "मॅडम, मला काही होत नाहीये."

"असं?" मुजावर मॅडम समोर बसल्या. "मी एक वाक्य चारदा म्हणते. प्रत्येक वेळी माझ्या मनात काय आहे ते सांग. तो बाजारात गेला. तो बाजारात गेला. तो बाजारात गेला. तो बाजारात गेला."

ईश्वरीनं वाट पाहिली. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही चारही वेळा एकच म्हणालात."

बाजूला बसलेल्या दोन मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मॅडम पहिल्यांदा रागानं म्हणाल्या होत्या, दुसऱ्यांदा हसत, तिसऱ्यांदा घाबरून आणि चौथ्यांदा रडवेल्या होऊन.

"फारच हुशार आहेस," मॅडम म्हणाल्या.

"थँक्यू, मॅडम," ईश्वरी मनापासून म्हणाली, आणि मुलं का हसली ते तिला कळेना.

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: शब्द पोचत होते, सूर पोचत नव्हता. मॅडमची परवानगी घेऊन तिनं फोन मागितला. सकाळी आईचा ध्वनिनिरोप आला होता, तो अजून ऐकायचा राहिला होता. तिनं तो लावला.

"काय गं भवाने, मेलीस का जित्ती हाईस? काल फोन ठिवल्यापासनं पत्ता न्हाई तुझा. डॉक्टरीण झालीस म्हंजे आईला इसरायचं व्हय? गिळलंस का काय? नगंस करू फोन. मला काय गरज न्हाई कुणाची."

शब्द सगळे कळले. एकही निसटला नाही. समोर बसून कुणीतरी शांतपणे, विचार करून, तिला सांगत होतं की तू मेलीस तरी चालेल, मला तुझी गरज नाही. ही आपली आई आहे, ही अशीच बोलते, हे ईश्वरीला पाठ होतं. पण पाठ असणं आणि ऐकू येणं यांत किती अंतर आहे ते तिला आज कळलं. तिनं पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावला तेव्हा तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. पप्पांनी हे आठ महिने ऐकलं होतं, रोज, भाकरीच्या ताटाबरोबर.

वीस मिनिटं संपली. पाटोळेकाकांनी पट्टे सोडले. थोड्या वेळानं ईश्वरीनं तोच निरोप चौथ्यांदा लावला, आणि आई परत आली. तिचा लटका राग आला, तिची काळजी आली, आणि 'गरज न्हाई' म्हणताना भरून आलेला तिचा गळाही आला.

मुलं गेल्यावर ती म्हणाली, "मॅडम, अठ्ठावन्न नंबर माझे पप्पा आहेत. मी ओळखलं होतं. सांगितलं नाही."

मुजावर मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुझा हा महिना मी धरणार नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या बॅचबरोबर पुन्हा यायचं. टोपी नाही. फक्त वॉर्डात बसून ऐकायचं."

"हो, मॅडम."

"आता बस. तुझ्या वडिलांना आठ महिन्यांत कुणी एक वाक्य चार सुरांत म्हणून दाखवलं?"

"नाही."

"ती चूक आमची. आम्ही हात उचलायला सांगतो, नाव-गाव विचारतो आणि घरी पाठवतो." मॅडमनी कागदावर मेंदूचं चित्र काढलं. "हे बघ. डावीकडे शब्द राहतात. उजवीकडे, त्याच उंचीवर, बोलण्याची चाल, म्हणजे सूर, राहते. राग, चेष्टा, माया हे सगळं आपण शब्दांपेक्षा चालीत जास्त भरतो. ती जागा गेली की दुसऱ्याच्या आवाजातलं मन ऐकू येत नाही, आणि आपलं मन आपल्या आवाजात उतरत नाही. पण मन असतं. तुझ्या वडिलांच्या आत काहीही थंड पडलेलं नाही. फक्त वाट बुजलीय."

"औषध?"

"या जागेसाठी अजून नाही. पण शब्दांची वाट उघडी आहे. आजवर जे चालीत म्हणत आलात, ते आता शब्दांत म्हणा."

ईश्वरीला रडता रडता हसू आलं. "मॅडम, आमच्या घरात? शब्दांत?"

"कठीण आहे का?"

"मेंदूचं ऑपरेशन सोपं."

रविवारी ती सकाळच्या एसटीनं इचलकरंजीला उतरली. शनिवारी तिनं घरी तीनदा फोन केला होता. पप्पांनी "रविवारी साडेदहाला निघतोय" एवढंच सांगितलं होतं. हे फोनवर समजावण्यासारखं नव्हतंच, कारण फोनवर नुसता आवाज असतो.

दिगंबर जॉबर उंबऱ्याजवळ खुर्चीवर बसले होते. पायांत बूट, मांडीवर बॅग. समोरच्या शेडमध्ये माग चालू होते.

"ईश्वरी आली," ते म्हणाले, हजेरीपटावरचं नाव वाचावं तसं.

"या बाईसाब!" आतून आई गरजली. "बापाला गाडीत बसवायला आलासा व्हय? लई उपकार झालं!"

ईश्वरी पप्पांच्या पायाशी बसली. "पप्पा, समोरच्या शेडमध्ये काही बिघाड आहे का हो?"

"तिसऱ्या मागाचं काहीतरी ढिलं झालंय. सकाळपासनं वाजतंय."

"मग आई बोलते तेव्हा तुम्हाला काय ऐकू येतं?"

"शिव्या."

"आधी काय ऐकू यायचं?"

त्यांनी विचार केला. "आधीबी शिव्याच द्यायची. पण आधी लागायच्या न्हाईत. आता लागत्यात. म्हंजे आधी ती मनापासनं देत नव्हती, आता देतीया. आजारी माणसाचा कटाळा येतोच. तिची चूक न्हाई. म्हणून मी चाललोय."

सुवर्णा दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. "काय म्हणालासा? मला कटाळा आला?"

"व्हय."

"आणि तुमाला न्हाई आला माझा? आठ म्हैनं झालं, चहा कसा झालाय म्हटलं तर 'चांगला झालाय'. जणू कोण मेलंय ते सांगताय!"

"चहा चांगलाच झाला होता," दिगंबर म्हणाले.

मग ईश्वरीनं सगळं सांगितलं. डाग, डावीकडचे शब्द, उजवीकडची चाल, टोपी आणि आईचा निरोप. स्वतः कशी रडली तेही सांगितलं. आई उंबऱ्यावरच खाली बसली. पदर तोंडावर घेऊन म्हणाली, "म्हंजे मी रोज त्यांच्या ताटात शिव्याच वाढल्या?"

"आई, तुला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं. पण आता सांग त्यांना. सरळ शब्दांत."

"काय सांगू?"

"जे आहे ते."

सुवर्णा लाजेनं लाल झाली. "ह्या वयात? सगळी गल्ली ऐकतीया. मला न्हाई जमायचं." आणि ती तरातरा आत निघून गेली. आत भांडी वाजली.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी गाडी आली. बिनचालकाची, पांढरी. दारासमोर थांबून ती लोण्यासारख्या मऊ आवाजात म्हणाली, "नमस्कार! आपला प्रवास सुखाचा होवो. कृपया पाच मिनिटांत आसनस्थ व्हा." आवाजात एवढी माया होती, जणू तिनंच जॉबरना लहानाचं मोठं केलं होतं.

दिगंबर उठले. बॅग खांद्याला लावली. ईश्वरीकडे बघून म्हणाले, "अभ्यास कर." पायरी उतरले.

"थांबा!" सुवर्णा आतून धावत आली. "कुठं निघाला मुडदा? बसा गपगुमान खुर्चीवर!"

ते वळले. तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी एक प्रश्न विचारला. सव्वीस वर्षांच्या संसारात तो विचारायची वेळ कधी आली नव्हती.

"हे कसं म्हणालीस?"

"रागानं," ती म्हणाली.

त्यांनी मान डोलावली. "बरोबर हाय. मग जातो."

"अवो, जायला निघालासा म्हणून राग!" ती ओरडली, आणि मग तिला गल्लीचं भान राहिलं नाही. "तुमी नसलासा तर मला भाकरी गोड लागायची न्हाई. झटका आला त्या दिवशी मी देवाला म्हटलं, मला ने पण ह्यांना ठेव. माझा जीव हाय तुमच्यावर. पहिल्यापासनं हाय. तुमी मला घरात पायजे. रोज. झालं? ऐकू आलं?"

समोरच्या शेडच्या दारात दोन बायका येऊन उभ्या होत्या. गाडी मऊ आवाजात म्हणाली, "आपली वाट पाहत आहोत."

"ऐकू आलं," दिगंबर म्हणाले. त्यांचा चेहरा तसाच होता, आवाज तसाच सपाट. पण बॅग खांद्यावरून उतरली आणि पायरीवर टेकली. "परत म्हण."

सुवर्णा गोंधळून लेकीकडे वळली. "हे कसं म्हणालं गं ते? हुकूम सोडला का चेष्टा केली?"

"मला काय विचारतेस? त्यांना विचार."

सुवर्णानं पदरानं डोळे पुसले आणि नवऱ्याकडे वळली. "कसं म्हणालासा, सांगा की."

दिगंबर जॉबरनी शब्द शोधला. तोही त्यांनी कधी वापरला नव्हता. मग एसटीचं वेळापत्रक वाचून दाखवावं अशा आवाजात ते म्हणाले, "लाडानं."

पाच मिनिटं झाली तशी गाडी रिकामीच निघून गेली. सुवर्णा पायरीवर त्यांच्या शेजारी बसली आणि तिनं ते परत म्हटलं, या वेळी न ओरडता.